छापील चुकीविरुद्धचे यंत्र

परीक्षेला जाताना लॉग टेबलचे पातळ पुस्तक सोबत नेलेली पिढी आजही व्याख्यानाला येऊन बसते. आपले उत्तर चुकेल ही भीती त्या पिढीला होती; पुस्तकातला आकडाच चुकीचा असेल, ही शंका मात्र कधी शिवली नाही. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेजचे सारे आयुष्य या शंकेपायी खर्ची पडले.

१८२१ साली लंडनमध्ये तो आणि त्याचा मित्र जॉन हर्शल खगोलगणिताची कोष्टके तपासत होते. चुकांवर चुका निघू लागल्या, तेव्हा ही आकडेमोड वाफेच्या यंत्राने व्हायला हवी होती, असे बॅबेज वैतागून म्हणाला. ‘कॉम्प्युटर’ हा त्या काळी माणसाचा हुद्दा होता. तो चुके, नक्कल करणारा चुके, छापखान्यातला जुळारीही चुके. आणि भर समुद्रात खलाशी तेच छापील आकडे धरून जहाजाचा ठावठिकाणा काढी.

बॅबेजची युक्ती शाळकरी मुलालाही कळेल. १, ४, ९, १६, २५ हे वर्ग घ्या. लगतच्या संख्यांमधले फरक ३, ५, ७, ९. त्या फरकांमधला फरक सगळीकडे २. आता ९ मध्ये २ मिळवा, येणारे ११ पंचविसात मिळवा, की ३६ हजर! गुणाकार लागलाच नाही, आणि नुसती बेरीज दातेरी चाकांना जमते. हेच त्याचे ‘डिफरन्स इंजिन’. उत्तर माणसाचा हात न लागता थेट छपाईच्या साच्यात उमटावे, ही सोयही त्याने योजनेत धरली होती. त्याची खरी दूरदृष्टी मला इथे दिसते.

१८२३ मध्ये सरकारी पैसा मिळाला. जोसेफ क्लेमंट या कसबी कारागिराने १८३२ मध्ये यंत्राचा एक भाग जुळवून दिला आणि तो चाललाही. पुढच्याच वर्षी पैशांवरून दोघांचे बिनसले, काम थांबले. १७,००० पौंडांहून अधिक खर्चून १८४२ मध्ये सरकारने अंग काढून घेतले.

तोवर बॅबेज हवी ती आकडेमोड करू शकणाऱ्या ‘अॅनालिटिकल इंजिन’च्या ध्यासात होता. जाकारच्या विणकामाच्या मागावर चालत तशी भोकांची कार्डे, आकडे साठवायला एक भाग, गणित करायला दुसरा. गणिताची अभ्यासक एडा लव्हलेस हिने १८४३ मध्ये त्यावर सविस्तर टिपणे लिहिली. हे यंत्रही अपुरेच राहिले.

त्या काळचे धातुकाम तोकडे पडले, असे अनेक वर्षे सांगितले गेले. लंडनच्या सायन्स म्युझियमने ते तपासून पाहिले. बॅबेजने १८४७ ते १८४९ या काळात आखलेले दुसरे डिफरन्स इंजिन त्यांनी त्या काळी साधणाऱ्या अचूकतेनेच घडवले. रेखाटनांतल्या काही चुका दुरुस्त कराव्या लागल्या, पण १८७१ मध्ये वारलेल्या बॅबेजच्या जन्मद्विशताब्दी वर्षात, १९९१ मध्ये, ३१ अंकी आकडेमोड करणारे ते यंत्र बिनचूक चालले. धातू तोकडा नव्हता. तोकडे पडले ते पैसा, धीर आणि माणसामाणसांतले जमणे.

लंडनला गेलात तर ते यंत्र जरूर पाहा. चाकांचे उंच खांब पाहून मागे फिरू नका. २००२ मध्ये पूर्ण झालेला छपाईचा भागही बघा.