उजळणी : चार संज्ञांची

वार्षिक परीक्षा जवळ आल्या, की घरोघर उजळणीला प्रारंभ होतो. गणिताची उजळणी म्हणजे उदाहरणे सोडविणे, हे सर्वांस ठाऊक असते. इतिहास व नागरिकशास्त्र ह्यांची उजळणी म्हणजे मात्र सनावळ्यांचे पाठांतर, अशी समजूत मुलांची आणि पुष्कळदा पालकांचीही असते. श्रोतेहो, माझे आजचे सांगणे इतकेच, की ह्या विषयांतही गणिताच्या रीतींसारख्या काही मोजक्या संज्ञा आहेत, आणि त्या वापरून पाहिल्यावाचून त्यांची उजळणी होत नाही. माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावरील मुलांना शिकविल्या जाणाऱ्या अशा चार संज्ञा आपण १८५७ च्या उठावाला लावून पाहू.

पहिली संज्ञा कालक्रमाची. १० मे १८५७ रोजी मीरतेस उठाव झाला, हे मुले सांगतात. पण एखाद्या जुन्या मराठी कागदावर ‘शके १७७९’ असे आढळले, तर तो कोणत्या सालचा? शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतच्या दिवसांसाठी ७९ मिळवावे लागतात. घटना क्रमाने लावल्या आणि जोडीला नकाशा घेतला, म्हणजे त्या बोलू लागतात. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली, मे महिन्यात काल्पीस लढाई झाली आणि जूनमध्ये ग्वाल्हेरीस राणी लक्ष्मीबाईंना वीरमरण आले. तीन गावे नकाशावर रेघेने जोडा. अवघ्या तीन महिन्यांतील ती धावपळ डोळ्यांपुढे उभी राहील.

दुसरी संज्ञा कारण आणि निमित्त ह्यांतील भेदाची. उठाव का झाला, असे वर्गात विचारले, की बहुतेक हात ‘काडतुसे’ ह्या उत्तरासाठी वर होतात. चरबी लावलेल्या काडतुसांची वार्ता हे निमित्त खरे. पण ठिणगी कोरड्या गवतावरच पेट घेते. ते गवत आधीच साचले होते. दत्तक वारस नामंजूर करून १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये झाशी व नागपूर ही संस्थाने खालसा झाली होती. १८५६ मध्ये गैरकारभाराचा ठपका ठेवून अयोध्येचे राज्यही घेण्यात आले. शिपायांची गाऱ्हाणी निराळी, शेतसाऱ्याने गांजलेल्यांची निराळी. एकच कारण सांगून जो थांबतो, त्याने प्रश्न सोडविला नाही, तो टाळला.

तिसरी संज्ञा साधनांची. हे सर्व आपणांस कळले कशावरून? सरकारी दप्तरे, पत्रे, नाणी ही साधने होत. मराठीत ह्या काळाचे एक मोलाचे साधन आहे : वरसईच्या विष्णुभट गोडसे ह्यांचे ‘माझा प्रवास’. यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने ते उत्तरेस गेले आणि झाशी पडली तेव्हा शहरातच होते. म्हणजे ते प्रत्यक्षदर्शी. तथापि हे वृत्त त्यांनी सुमारे पंचवीस वर्षांनी आठवणीतून लिहिले, आणि ते ग्रंथरूपाने १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. मग त्यावर विश्वास ठेवावा की न ठेवावा? स्वतः पाहिलेले कोणते, ऐकीव कोणते, हे निवडून आणि इतर साधनांशी ताडून ठेवावा. आज मुलांच्या हातातील मोबाईलवर दररोज इतिहासाच्या नावाने निनावी मजकूर येतो. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, कशावरून लिहिला, हे तीन प्रश्न ज्याला सुचतात, त्याचा हा धडा पक्का झाला म्हणावे.

चौथी संज्ञा नागरिकशास्त्रातील : प्रजा आणि नागरिक. झाशीचा दत्तक मान्य व्हावा म्हणून राणीने अर्ज केले, ते फेटाळले गेले. मान्यता देणे न देणे कंपनी सरकारच्या मर्जीवर होते. प्रजेला विनंती करता येते. नागरिकाला हक्क सांगता येतो. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले, तेव्हा हा पालट झाला. त्यातील २९ वे कलम आपली भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क नागरिकांच्या प्रत्येक समूहास देते. १९५६ मध्ये समाविष्ट झालेले ३५० क हे कलम तर भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्यांनी करावा, असे सांगते. बेळगाव, हैदराबाद, इंदूर वा बडोदे येथील मराठी घरांना ह्या कलमांचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. मात्र एक हक्क आहे आणि दुसरे राज्यांवरील कर्तव्य, हा भेद मुलांना अवश्य विचारावा.

तेव्हा पालकहो, आज रात्री मुलाच्या हातून पुस्तक घेऊन ‘सन सांग’ एवढेच म्हणू नका. आधी काय घडले, कारण कोणते नि निमित्त कोणते, हे कशावरून कळले, आणि ह्यात माणसांना हक्क होता की केवळ विनंती, असे चार प्रश्न विचारा. उत्तर अडखळत आले तरी चालेल. सनावळी परीक्षेनंतर विसरेल. पण प्रश्न विचारण्याची सवय एकदा जडली, की उद्या कोणी एखादे निमित्त पुढे करून त्याला भडकवू पाहील, तेव्हा हेच मूल क्षणभर थांबून खरे कारण विचारील. गुणपत्रिकेत ह्या थांबण्याला रकाना नाही. पण शाळेने द्यावयाचे ते हेच होय.