पाटाचे शेवटचे टोक
(जीर्णोद्धार सोहळ्यात गावच्या पाणी वापर संस्थेच्या एका संचालकांनी केलेले भाषण)



देवळाच्या कामाविषयी माझ्याहून अधिकारी मंडळी बोलली. मला पाण्यावर बोलायला सांगितले आहे, तेवढेच बोलतो.

पाणी वापर संस्थेचा संचालक करतो काय, असे काल एका पाहुण्यांनी विचारले. मानधन काही नाही. शिव्या मात्र रोख मिळतात. २००५ साली राज्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. त्यानुसार पाणी मोजून संस्थेला मिळते. पुढे ते कोणाच्या शेतात किती वेळ जायचे हे संस्था ठरवते आणि पाणीपट्टीही तीच गोळा करते. चारीचे तीन भाग धरलेले आहेत : वरचा, मधला आणि शेवटचा. संचालक तिन्ही भागांतून सारखे. अध्यक्षपद दोन-दोन वर्षांनी फिरते आणि पहिला मान शेवटच्या टोकाचा! कायदा लिहिणारा कधीतरी कोरड्या चारीत उभा राहिला असावा.

कारण पाण्याचा स्वभाव वरच्याच्या बाजूचा. वर ऊस उभा असतो. पीक कोणते घ्यावे याची कायद्याने मोकळीक आहे, पण पाणी ठरल्याइतकेच. रात्री कोणी दार उचलतो, कोणी पाटात पाइप टाकतो. खाली ज्वारी पोटरीत आलेली असते. त्या वेळचे एक पाणी चुकले की कणीस भरत नाही. मग त्या घरची माणसे बैलगाडी जुंपून ऊसतोडीला निघतात. आपल्याच गावच्या पाण्यावर ऊस पोसायचा आणि आपल्याच माणसांनी तो परमुलखात तोडायला जायचे, असा हा हिशेब आहे.

हे जमत नाही असे म्हणणाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यातले वाघाड पाहावे. तिथे १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी सुरुवात केली ती टोकाच्या शेतकऱ्यांपासून. ज्यांना पाणी मिळतच नव्हते, तेच आधी एकत्र आले. पुढे साऱ्या प्रकल्पावर २४ संस्था उभ्या राहिल्या. आपल्याकडे १९७२ पाहिलेली माणसे आज पुढच्या रांगेत बसली आहेत. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले, ते तर पोरांनाही आठवते.

आता थोडे कडू बोलतो, देवासमोर बोलतो. देवळाच्या वर्गणीत एकही घर मागे राहिले नाही. पाणीपट्टीच्या वहीत मात्र तीच नावे दोन-दोन हंगाम थकलेली आहेत, आणि त्यांत वरच्या भागाची जास्त. थकबाकी राहिली की संस्थेला पाणी मागताना मान खाली घालावी लागते, आणि त्याचा फटका पट्टी वेळेवर भरणाऱ्या टोकाच्या माणसाला बसतो. मारुतीराया हे सगळे पाहतो, पण वसुलीला तो येणार नाही. मलाच यावे लागते.

बाहेरगावच्या देणगीदारांपैकी पुष्कळांच्या जमिनी इथे वाट्याने लावलेल्या आहेत. पट्टी मालकाने भरायची की वाटेकऱ्याने, हे त्यांनी आजच, जेवणाच्या पंगतीआधी, आपापल्या वाटेकऱ्याशी बोलून ठरवावे. वही मी सोबत आणली आहे.

आणि येत्या मंगळवारी सकाळी सातला चारीतला गाळ काढायला सुरुवात करायची आहे, शेवटच्या टोकाकडून. फावडे-घमेली ज्याची त्याने आणावीत.