आवाज थांबल्यानंतरचा कॉम्प्रेसर



पंक्चरच्या दुकानात, फर्निचरच्या कामावर, गाडी रंगवताना चाकांवरचा छोटा कॉम्प्रेसर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो चालू असला की कानठळ्या बसतात, म्हणून आपण लांब उभे राहतो. बंद झाला की निर्धास्तपणे जवळ जातो. मला आज सांगायचं आहे ते एवढंच, की यंत्र गप्प झालं तरी धोका तिथेच असतो.

हिशेब करून बघू. २४ लिटरची टाकी आहे आणि गेजवर ८ बार, म्हणजे साधारण ११६ पीएसआय दिसताहेत. गेज दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. तेव्हा आतला एकूण दाब बाहेरच्या सुमारे नऊपट. रॉबर्ट बॉईलने १६६२ मध्ये मांडलेल्या नियमाने पाहिलं, तर त्या टाकीत २१६ लिटर हवा कोंबलेली आहे. प्लग काढला तरी ती कुठे जात नाही. मोटर थांबते, मोटरने केलेलं काम टाकीत साठून राहतं.

या साठ्यावर पहारा ठेवणारे भाग ओळखून घ्या. ठरलेल्या दाबाला प्रेशर स्विच मोटर बंद करतो. त्या वेळी 'फुस्स' आवाज येतो, तो पंपाच्या डोक्यातली हवा सुटल्याचा. ती सुटली नाही, तर पुढच्या वेळी मोटर नुसती गुरगुरते आणि तापते. स्विच अडकलाच, तर सेफ्टी व्हॉल्व्ह हवा बाहेर सोडतो. तो गळतो म्हणून बूच मारणारे महाभाग असतात. असं कधीही करू नका, व्हॉल्व्ह बदला. कारच्या चाकाला साधारण ३० ते ३५ पीएसआय पुरतात, म्हणून नळी जोडण्याआधी रेग्युलेटरवर दाब कमी करा.

पाण्याचा पीव्हीसी पाइप हवेला वापरू नका. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे पाइप फुटला की त्याचा जोर लगेच ओसरतो. दाबलेली हवा मात्र प्रसरण पावत तुकडे भिरकावते. कपड्यांवरचा भुसा हवेने उडवण्याची सवयही सोडा. झोत जखमेतून आत शिरला, तर जिवावर बेतू शकतं. आणि कॉर्ड कमी पडली, तर बारीक वायरची लांबलचक एक्स्टेन्शन जोडण्यापेक्षा हवेची नळी लांब घ्या. बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते.

आता पावसाळ्याबद्दल. ३० अंशांच्या दमट हवेत, घनमीटरला २५ ग्रॅमहून जास्त बाष्प असू शकतं. नऊ भाग हवा एका भागात दाबून थंड झाली, की बहुतेक बाष्पाचं पाणी होऊन ते तळाशी साचतं. टाकी आतून गंजते, बाहेरून रंग मात्र चकचकीत असतो. म्हणून रोज काम संपलं की स्विच बंद करा, प्लग काढा, हवा उतरवा आणि थोडा दाब असतानाच खालचा ड्रेन हळूहळू उघडा. पाणी निघून गेल्यावर तो उघडाच राहू द्या.

एवढं करूनही कधी टाकीला गंजून भोक पडलं, तर वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. भोक एकच दिसतं, पण आजूबाजूचा पत्राही पातळ झालेला असतो. मोटर आणि पंप हवं तर ठेवा, टाकी भंगारात द्या.