प्रभावळीतली नटी
(शिबिरात केलेले भाषण)

मैत्रिणींनो, मागे बसलेल्यांनाही दिसेल असं हे पोस्टर धरते. १ जानेवारी १८९५ रोजी पॅरिसच्या भिंतींवर लागलेल्या पोस्टरची ही नक्कल. मूळ पोस्टर दोन मीटरहून उंच, त्यातली बाई जवळजवळ खऱ्या बाईएवढी. नाटक 'जिस्मोंदा', नटी सारा बर्नहार्ट, चित्रकार अल्फोन्स मुखा.

तिच्या हातात झावळी आहे. नाटकात झावळ्यांच्या रविवारची मिरवणूक येते, म्हणून. पण ख्रिस्ती चित्रांत हुतात्मा संतांच्या हातीही झावळीच असते. डोक्यामागे कमान, मूर्तीमागे प्रभावळ असते तशी. आणि कमानीत नाव कुणाचं? तिचं स्वतःचं!

त्या काळी नटी म्हणजे कुणीतरी ठेवलेली बाई, असंच लोक धरून चालत. साराची आई श्रीमंत पुरुषांच्या आश्रयावर जगलेली, सारा स्वतः लग्नाशिवाय आई झालेली. अशा बाईला प्रभावळ, आणि तीही कुणा भक्ताच्या कृपेने नाही. थिएटर ती स्वतः चालवत होती. पोस्टर पसंत पडताच तिने मुखाशी सहा वर्षांचा करार केला. मला तिचं कौतुक वाटतं ते इथे.

पण किंमत बघा. ती तेव्हा पन्नास वर्षांची होती, चित्रातली बाई तरुण आहे. हिशेब, पगार, तालमी, दौरे यांची एकही खूण नाही. इज्जत हवी तर संत व्हा, कामकरी बाई म्हणून ती मिळायची नाही. पुढे १८९८ च्या 'मेदे'त तिच्या हाती रक्ताळलेला सुरा, पायाशी मारलेली मुलं, हातात सापाचं कडं. (ते कडं तिने नंतर खरोखर घडवून घेतलं.) १८९९ मध्ये ती पुरुषवेषात हॅम्लेट, आणि खाली फुलांत निजलेली मेलेली ऑफेलिया.

आपल्याकडे तर पुढच्या काळात शालीन स्त्री कशी दिसते हे बालगंधर्वांनी दाखवलं, आणि घरंदाज बायकांनी त्यांची नेसण उचलली. खऱ्या बाईने रंगमंचावर पाऊल ठेवलं, की तिच्या चारित्र्याची चौकशी सुरू.

आपणही चळवळीच्या पोस्टरांवर काली, दुर्गा काढल्या. त्या चित्रात मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध मैत्रीण कुठे उभी राहणार, हा वाद आपल्यात झाला आहे. मी त्यात एक प्रश्न घालते: धुणंभांडी करणारी बाई तरी त्यात कुठे आहे?

१९१५ साली साराचा पाय कापावा लागला. तरी ती खुर्चीतून उचलून नेली जाई आणि युद्ध आघाडीवरच्या सैनिकांपुढे काम करी. त्या खुर्चीतले तिचे फोटो आहेत. म्हातारी नटी कामावर निघालेली, एवढंच त्यात दिसतं. पुढच्या बैठकीला त्यातला एक आणते.