वॉर्डाची वही आपणच लिहूं या
(इचलकरंजी येथें विणकर व शेतकरी मतदारांच्या सभेंत झालेलें भाषण)



मागावरची पाळी सोडून आणि शेतांतलें काम आटोपून तुम्ही येथें आलां आहां. तेव्हां वेळ न दवडतां मुद्द्याचें बोलतों.

आपल्या गांवाला लोक महाराष्ट्राचें मँचेस्टर म्हणतात. 1904 सालीं विठ्ठलराव दातारांनीं येथें यंत्रमाग आणला आणि पुढें हें गांव सुतावर व कापडावर वाढलें. पण मँचेस्टरचें नांव घेतों तें केवळ कापडासाठीं. तेथल्या वॉर्डांत मताचा हक्क कसा वाढला, हें आपल्यापैकीं किती जणांस ठाऊक आहे?

मँचेस्टर एवढें मोठें गिरणगांव, पण 1838 सालापर्यंत तेथें लोकांनीं निवडलेली नगरसभा नव्हती. मोस्ली नांवाचें जमीनदार घराणें गांवाचें धनी होतें आणि बाजारपेठेचे हक्क त्याच्या हातीं होते. 1835 सालीं विलायतेंत म्युनिसिपालिट्यांचा कायदा झाला. 1838 सालीं मँचेस्टरला सनद मिळाली, गांवाचे 15 वॉर्ड पाडले आणि त्यांतून मेंबर निवडले गेले. पुढें 1846 सालीं याच नगरसभेनें मोस्लींचे हक्क दोन लाख पौंड मोजून विकत घेतले. जहागिरी म्हणजे काय हें इचलकरंजीकरांस कोणीं शिकवावयास नको. धन्याचा हक्क संपविण्याचें बळ वॉर्डाच्या मतांत असतें, एवढें यावरून ध्यानांत घ्या.

मात्र तें मत आरंभीं सर्वांना नव्हतें. कर भरणाऱ्या पुरुषालाच तें होतें. कर भरणाऱ्या बायांना नगरसभेचें मत 1869 सालीं मिळालें, तेंही नवरा असलेल्या बाईला नव्हे. साऱ्या प्रौढ मजूर माणसांना तो हक्क मिळावयास 1945 साल उजाडलें. म्हणजे सनद मिळाल्यापासून शंभराहून अधिक वर्षें गेलीं.

आतां आपल्या घरचें पाहा. 1876 सालीं जोतीराव फुले पुणें म्युनिसिपालिटीचे मेंबर झाले. ते सरकारनियुक्त होते, कारण माळ्या-कुणब्यांना मत देण्याची सोयच नव्हती. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठीं हजार रुपये खर्चण्याचा ठराव आला, तेव्हां बत्तीस मेंबरांत एकट्या जोतीरावांनीं विरुद्ध मत दिलें. हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा, असें त्यांचें म्हणणें होतें. ठराव पास झाला. पण गरिबाच्या बाजूचें एक मत तरी दप्तरांत नोंदलें गेलें. 1925 सालीं केशवराव जेधे त्याच म्युनिसिपालिटींत निवडून गेले आणि त्यांनीं जोतीरावांच्या पुतळ्याचा ठराव मांडला. केवढें वादळ उठलें! पुढें 1948 सालीं मुंबई शहरांत प्रौढ मतदानानें नगरसभेची पहिली निवडणूक झाली. चाळींतल्या मजुराचें मत आणि माडीवरच्या शेठजीचें मत तराजूंत सारखें झालें.

असें हें मिळविलेलें मत. तें वेळेवर मागितलें गेलें नाहीं, तर त्याची किंमत काय? मँचेस्टरांत आज 32 वॉर्ड आहेत आणि एका वॉर्डाचे तीन मेंबर. तिघे एकदम निवडले जात नाहींत. सामान्यतः चार वर्षांपैकीं तीन वर्षें दर वर्षीं एकेक जागा मतास पडते. त्यामुळें मेंबराला मतदाराच्या दाराशीं वरचेवर यावें लागतें. 2020 सालीं साथीमुळें निवडणूक लांबली, ती एका वर्षानें, 2021 च्या मे महिन्यांत, उरकली.

आपल्याकडे काय झालें? नगरपालिकेची निवडणूक 2016 सालीं झाली. त्या सभेची मुदत 2021 अखेर संपली. 2022 सालीं गांवाची महानगरपालिका झाली. नांव मोठें झालें, पण सभागृहांत लोकांचा मेंबर एकही नव्हता. साथ, प्रभागरचनेचे फेरफार, इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा न्यायालयांतला वाद अशीं कारणें सांगितलीं गेलीं. मे 2025 मध्यें सुप्रीम कोर्टानें हुकूम केला, तेव्हां गाडें हाललें आणि 15 जानेवारी 2026 रोजीं 65 जागांसाठीं मतदान झालें. मधलीं चार वर्षें प्रशासकाचा अंमल होता. पाणीपट्टी आणि घरफाळा मात्र एक दिवस थांबला नाहीं. कर वेळेवर घ्यायचा आणि मत सवडीनें घ्यायचें, हा कुठला न्याय?

याच काळांत पाण्याचा प्रश्न पेटला. पंचगंगा दूषित झाली आहे. कृष्णेची नळयोजना आपल्याला पुरत नाहीं. दूधगंगेवरून सुळकूडची योजना काढली, तर नदीकांठच्या शेतकऱ्यांनीं विरोध केला. तो शेतकरी आपला वैरी नव्हे, तो आपलाच भाऊ आहे. त्याचें पीक वाळूं नये आणि आपल्या बायांनीं घागरी घेऊन टँकरची वाट पाहूं नये, असा तोडगा काढावयास दोन्हीं बाजूंचे लोकनियुक्त माणूस समोरासमोर बसावे लागतात. खुर्च्याच रिकाम्या असल्या तर बोलणार कोण?

दुसरी गोष्ट, आतां एका प्रभागांतून साधारण चार मेंबर निवडतात आणि चार जागांना चार मतें द्यावीं लागतात. यांत एक फांस आहे. गटार तुंबलें तर पहिला दुसऱ्याकडे बोट दाखवितो, दुसरा तिसऱ्याकडे. अर्ध्या जागा बायांसाठीं राखीव आहेत, हें उत्तम झालें. पण सही मेंबरबाईची आणि कारभार पतिराजांचा, असें चालूं देऊं नका. बाईंनाच सभेला बोलवा, बाईंनाच सवाल करा.

आणि मत विकूं नका. एका रात्रीच्या नोटेच्या बदल्यांत पांच वर्षांची जीभ गहाण पडते.

माझी सूचना अगदीं साधी आहे. प्रत्येक गल्लींत एक वही घाला. चारही मेंबरांचीं नांवें लिहा. कोणीं कोणतें वचन दिलें, कोणत्या कामाला किती पैसा मंजूर झाला, काम केव्हां झालें, कोण सभेला गैरहजर राहिला, हें तारखेसह टिपा. शिकलेल्या मुलींनीं ती वही लिहावी आणि दर तीन महिन्यांनीं गल्लींतल्या सर्वांसमोर मोठ्यानें वाचावी. सावकाराच्या वहीनें आपल्या आज्यापणज्यांचीं शेतें गेलीं, कारण ती वही त्यांना वाचतां येत नव्हती. ही वही आपल्या हातची असेल. पुढची निवडणूक लागेल तेव्हां उमेदवार दाराशीं येईल. त्याच्यापुढें तीच वही उघडा आणि त्याला वाचावयास सांगा.