नवा नांगर आणि रोजचा फाळ

मंडळी, आपण भोर-वेल्ह्याची माणसे. आपले पोट भातावर. नवे बी आले की आपण ते सगळ्या खाचरांत लावतो का? नाही. एका खाचरात लावून बघतो. बाकीच्या खाचरांत नेहमीचा आंबेमोहर, नाहीतर इंद्रायणी. नवे बी फसले तरी कणगी रिकामी राहू नये.

कारखान्यालाही हेच कोडे पडते. त्याची एक खरी हकिकत सांगतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईला तंत्रशाळेत शिकवीत. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे त्यांचे सायकलींचे दुकान होते. पुढे ते कडबा कापायचे यंत्र बनवू लागले. मग त्यांनी लोखंडी नांगर केला. लाकडी नांगर माती नुसती खरवडतो, हा ती उलथून टाकतो. पण शेतकरी बिचकला. "लोखंडानं जमिनीला विख बाधंल," असे लोक म्हणू लागले. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली! आपले भात दोन वर्षे न विकता पडून राहिले, तर घरात काय होईल ते सांगायला नको. लक्ष्मणरावांचे दुसरे काम होते, म्हणून ते तगले.

१९१० साली बेळगावची जागा सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल स्टेशनजवळचे माळरान दिले. तिथे किर्लोस्करवाडी वसली.

हळूहळू नांगर खपू लागला. म्हणजे तो आता नवा राहिला नाही, रोजचे काम झाला. खरी मेख इथेच आहे. नांगराचा फाळ झिजतो. दुसरा फाळ त्याच भोकांत बसला पाहिजे. शंभरावा फाळही पहिल्यासारखाच हवा. तेच माप, तोच कस, रोज तेच ओतकाम. कंटाळवाणे खरे! पण तिथे कोणी रोज नवी अक्कल चालवली, तर ऐन हंगामात शेतकऱ्याचा नांगर बांधावर आडवा. नवे शोधणाऱ्याचे नाव होते. रोज नीट फाळ ओतणाऱ्याला कोण विचारतो? आम्हाला हे बरे वाटत नाही.

पुढे याच कारखान्यात पंपही झाले. नव्याची हौस गेली नव्हती. त्या हौशीला पैसा मात्र रोजच्या मालानेच पुरवायचा असतो.

आता आपल्याकडे चिखलणीला पॉवर टिलर आला आहे. घ्या, जरूर घ्या. पण दुकानदाराला आधी विचारा, "बाबा, याचा सुटा भाग भोरात त्याच दिवशी मिळंल का?" आणि हे बैल विकायच्या आधी विचारा.