फाटकाच्या आत काय, तेही विचारूया



बारावीचा निकाल लागला की आपल्या गटाच्या बैठकीत हप्त्यांबरोबर प्रवेशाचीही चर्चा होते. मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या मुली कोकणकन्येत नाहीतर तुतारीत बसून मुंबईला जातात. कुणी कोल्हापूरला जाते, कुणी पुण्याला. फी किती, खानावळ कशी, हे आपण दहा जणींना विचारतो. पण वसतिगृहाच्या दारावर कोण असतं आणि त्याच्या कामावर लक्ष कोण ठेवतं, हे विचारायचं राहून जातं. आज त्याबद्दल बोलूया.

जून २०२३ मध्ये मुंबईत चर्नी रोडच्या सरकारी वसतिगृहात एका विद्यार्थिनीवर अत्याचार करून तिचा खून झाला. वसतिगृहाला नाव सावित्रीबाई फुल्यांचं. दिवस सुट्टीचे, बऱ्याच मुली घरी गेलेल्या. पोलिसांचा संशय वसतिगृहातच बरीच वर्षं काम करणाऱ्या माणसावर होता. तोही रेल्वे रुळावर मृत सापडला. मग चौकशी लागली, वसतिगृहांच्या सुरक्षेचा आढावा घ्यायचं ठरलं.

अशी बातमी आली की गावात एकच प्रश्न निघतो : चेडवाक मुंबैक धाडूचां काय नको? आणि वसतिगृहात नवा नियम निघतो : संध्याकाळी सातला फाटक बंद. मैत्रिणींनो, जरा विचार करा. इथं धोका फाटकाच्या आत होता. कुलूप कितीही लवकर लावलं असतं तरी त्याचा काय उपयोग?

म्हणून आम्हाला वाटतं, सुरक्षेची तपासणी बाहेरच्या माणसांनी करायला हवी. आपल्या गटाचंच बघा. वही सचिव लिहिते, पण ऑडिट दुसरंच कुणी करतं. सचिव खोटी असते म्हणून नव्हे. रोज तीच वही बघणाऱ्याला त्यातली चूक दिसत नाही, आणि दिसली तरी सांगायला जड जातं. वसतिगृहाचंही तसंच. ज्यांनी रखवालदार नेमला, त्यांनीच ‘सगळं ठीक आहे’ असं लिहून दिलं, तर त्याला तपासणी कसं म्हणायचं?

अशी कामं झालेली आहेत. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने एक कृतिदल नेमलं. त्याचा ‘सक्षम’ नावाचा अहवाल २०१३ साली आला. त्यांनी देशभरच्या कॉलेजांकडून माहिती मागवली, मुलींचं म्हणणं ऐकलं. अहवालात उजेड, स्वच्छतागृहं, येण्याजाण्याची सोय, प्रशिक्षण घेतलेल्या महिला रक्षक, असं सगळं आहे. आणि एक गोष्ट त्यांनी ठामपणे सांगितली : सुरक्षेचं कारण देऊन मुलींवर मुलांपेक्षा वेगळी बंधनं लादू नका. २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या घटनेनंतर मुंबई उच्च न्यायालयानेही शाळांतल्या मुलांच्या सुरक्षेसाठी साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी या निवृत्त न्यायमूर्तींना समितीवर घेतलं.

पण समित्या मुंबई-दिल्लीत बसतात. प्रवेशाच्या दिवशी वसतिगृहात आपण उभ्या असतो. तेव्हा एवढं विचारा.

रखवालदार कॉलेजचा की ठेकेदाराचा? त्याची पोलीस पडताळणी झाली आहे का?

मुलींच्या मजल्यावर कोणकोण पुरुष जातात, त्याची नोंद होते का? रात्री बाई कर्मचारी असते का?

सुट्टीत चार-पाचच मुली उरल्या तर त्यांना एकाच मजल्यावर जवळजवळ ठेवतात का?

जिन्यात, न्हाणीघराकडे, रस्त्यापर्यंत दिवे आहेत का? कॅमेरे चालू असतात का, ते बघतं कोण?

लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती आहे का? २०१३ च्या कायद्याप्रमाणे ती असावीच लागते आणि तिच्यात एक सदस्य बाहेरचा लागतो. नावं भिंतीवर लावली आहेत का?

आणि शेवटचं : बाहेरच्यांनी तपासणी कधी केली? तो अहवाल मुलींना वाचायला मिळाला का?

एकट्या आईने विचारलं तर ‘बघू’ म्हणतील. म्हणून ग्रामसंघाच्या बैठकीत ठराव करा, लेखी पत्र द्या, पोच घ्या. आपल्या तालुक्यातल्या वसतिगृहापासूनच सुरुवात करूया. तिथंही कुणाची तरी मुलगी राहते.

आणि घरी मुलीला एवढं सांगा : कुणाचं वागणं खटकलं तर लगेच बोल, तुझं शिक्षण थांबवणार नाही. शिक्षण बंद होईल या भीतीनेच मुली गप्प राहतात. तिच्या फोनमध्ये ११२ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ हे नंबर घालून द्या.

मुलगी जाऊ दे, शिकू दे. फक्त ती जिथं राहणार, तिथली वही कोण तपासतं, हे आपण विचारत राहूया.